सोनकी, तेरडा, कवळा: ट्रेमध्ये दरवर्षी का फसतात आणि काय बदलायचं

कोल्हापूर भागात ज्या नर्सरीत सड्यावरची, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या जांभ्या कातळावरची, फुलं बियांपासून वाढवून बघितली जातात, तिथली तक्रार साधारण एकाच वळणाची असते. पन्हाळ्याकडच्या नाहीतर आजऱ्याच्या बांधावरून सोनकीचं बी आणलं, चांगल्या कोकोपीटमध्ये पेरलं, रोज झारीने पाणी घातलं. शंभरातली चार-दोन उगवली, दोन पानांवर आली आणि एका रात्रीत आडवी पडली. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. मग सगळे एकमेकांना सांगतात की रानफुलं नर्सरीत होतच नाहीत, ती डोंगरावरच बरी.

होतात, आणि चांगली होतात. अडचण अशी आहे की आपल्याकडच्या बहुतेक नर्सऱ्या भाजीपाला आणि ऊसरोपांवर उभ्या राहिल्या आहेत. ९८ कप्प्यांचा ट्रे, कोकोपीट, वरून शेडनेट, सकाळ-संध्याकाळ पाणी हा सगळा सरंजाम टोमॅटो-मिरचीसाठी बसवलेला आहे. त्या पिकांचं बी माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवडत आणलंय. ओल मिळाली की ते उगवतं. सड्यावरच्या फुलाला हे परवडत नाही. ऑक्टोबरात गळालेलं बी परतीच्या पावसावर लगेच उगवलं, तर पुढे सात-आठ महिने तापलेल्या जांभ्यावर त्या रोपाचं काय होणार? म्हणून ते बी थांबतं. ओल मिळाली तरी थांबतं. उन्हाळा अंगावरून गेल्याशिवाय बहुतेकांना जाग येत नाही. आपण त्याला दिवाळीच्या सुमारास भाजीच्या बियासारखं पेरतो आणि नाही उगवलं की बियाण्याला दोष देतो.

आधी बघा, मग औषध आणा

रोप पडलं की दुकानातून बुरशीनाशक आणायचं, ही सवय आधी सोडायला हवी. पडण्याची कारणं वेगळी असतात आणि प्रत्येकाची खूण रोपाच्या बुडाशी दिसते. दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग घ्या, सकाळच्या उजेडात ट्रे डोळ्यांच्या उंचीवर धरा आणि खोड मातीला टेकतं ती जागा बघा.

तिथे खोड दोऱ्यासारखं बारीक, पाणचट, तपकिरी झालं असेल आणि वरची पानं अजून हिरवी असतील, तर ती मर. पिथियम, रायझोक्टोनिया असल्या बुरशींचं काम. रोप हलकेच ओढलं तर वरचा भाग हातात येतो, मूळ मातीतच राहतं. खोड लांबुडकं, फिकट, एका बाजूला झुकलेलं, पण बुडाशी घट्ट असेल, तर रोग नाही, उजेड कमी पडलाय. खोड स्वच्छ कापल्यासारखं दिसलं आणि पान शेजारीच पडलेलं असेल, तर रात्री गोगलगाय नाहीतर अळी येऊन गेली आहे. बॅटरी घेऊन रात्री एक चक्कर मारा, सापडते. आणि पानांच्या कडा करपल्या असतील, मातीवर पांढरी खपली धरली असेल, तर पाण्यातला क्षार. यातल्या फक्त पहिल्या प्रकाराला बुरशीनाशकाचा उपयोग आहे.

रोप उगवलंच नाही तर तिथली माती उकरून बी शोधा. बी सापडलं आणि नखाने दाबल्यावर टणक लागलं, तर ते झोपलेलं आहे. मऊ होऊन चिरडलं, तर कुजलं. पोकळ टरफल निघालं, तर आत काही नव्हतंच. आणि सापडलंच नाही, तर मुंग्यांनी नेलं. हा शेवटचा प्रकार वाटतो त्यापेक्षा फार जास्त घडतो. रॅकच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या की तो तिथल्या तिथे मिटतो.

बी उगवत नाही

सगळ्यात आधी बी कशाचं आहे याची खात्री करा. गेल्या काही वर्षांत रस्त्यांच्या कडेने पिवळा-केशरी कॉसमॉस फार पसरलाय. तो मूळचा मेक्सिकोकडचा. लांबून बघणाऱ्याला ती सोनकीच वाटते आणि सोनकी म्हणून आणलेल्या पुडीत पुष्कळदा त्याचंच बी असतं. ओळखायला सोपं आहे: कॉसमॉसचं बी लांब, चातीसारखं, टोकाला चोच आलेलं असतं. सोनकीचं बी बारीक असतं आणि त्याला पांढऱ्या केसांचा झुबका असतो. कॉसमॉस तर झटपट उगवतो, म्हणून लोक खूश होतात आणि तोच बांधाबांधावर लावतात. असं होताना बघून मनापासून वाईट वाटतं, कारण जिथे सोनकी यायची ती जागा तो खाऊन टाकतो. 'रानफुलांचं मिश्रण' म्हणून विकली जाणारी पाकिटं तर घेऊच नका. त्यांत बहुधा परदेशी बागफुलंच भरलेली असतात.

बी खरं असेल तर ते भरलेलं आहे का बघा. सोनकीच्या एका बोंडात भरल्या बियांबरोबर पोकळही बऱ्याच निघतात. केसाळ बी पाण्यावर तरंगतंच, त्यामुळे पाण्यात टाकून पारख होत नाही. दहा-वीस बिया पांढऱ्या कागदावर घेऊन नखाने दाबा. भरलेलं बी टणक लागतं, पोकळ चपटं होतं. निम्म्याहून जास्त पोकळ निघाल्या तर तोडणी लवकर झाली आहे. झुबका आपोआप उमलून वाऱ्यावर सुटायला लागतो, तो दिवस तोडणीचा. तेरड्याचं उलटं: बोंड पिकलं की बोटाच्या स्पर्शाने फुटतं आणि बी उडून जातं. हिरवट-पिवळी, टचटचीत फुगलेली बोंडं झाडावर असतानाच त्यांना मलमलच्या तुकड्याची सैल पुरचुंडी बांधा. फुटायचं तेव्हा आतच फुटू दे.

मग उन्हाळ्याचा मुद्दा, आणि माझ्या मते तोच सगळ्यात मोठा. गोळा केलेलं बी सावलीत आठवडाभर वाळवा, कागदी पाकिटात घाला, वर नाव, गाव आणि महिना लिहा आणि घरातल्या कोरड्या कपाटात मे अखेरपर्यंत ठेवून द्या. फ्रीजमध्ये नको. मार्च ते मे या तीन महिन्यांची कोरडी ऊब आपल्याकडच्या बऱ्याच पावसाळी रानफुलांची झोप मोडायला लागते आणि फ्रीज नेमकी तीच हिरावून घेतो. प्लॅस्टिकची पिशवीही नको, आत जराशी ओल राहिली तरी बुरशी धरते. पेरणी रोहिणी सरता सरता ते मृगाच्या पहिल्या आठवड्यात. त्याआधी वळीव पडला की उत्साहाने पेरू नका. वळिवानंतर पुन्हा दहा-पंधरा दिवस कडक ऊन पडतं आणि अर्धवट फुगलेलं बी त्यात जातं.

खुळखुळा, कवळा, रानभेंडी, विष्णुक्रांता यांची गोष्ट निराळी. यांच्या बियांचं कवच इतकं कठीण असतं की पाणी आत शिरतच नाही, कितीही दिवस ओलं ठेवा. पारख सोपी आहे. थोड्या बिया रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी फुगलेल्या आणि जशाच्या तशा राहिलेल्या वेगळ्या करा. न फुगलेल्या बिया दोन पॉलिश पेपरांमध्ये धरून हलक्या हाताने घासा, कवचाची चकाकी जाईपर्यंत. आतला दाणा दिसू लागला म्हणजे जास्त झालं. बी खूप असेल तर पाणी उकळून चुलीवरून उतरवा, त्यात बी टाका आणि ते आपोआप गार होईपर्यंत राहू द्या. उकळत्या पाण्यात शिजवायचं नाही, हा फरक लक्षात ठेवा. घासलेलं किंवा फुगलेलं बी त्याच दिवशी पेरा.

खोलीबद्दल थोडक्यात: बी जेवढं जाड, त्याहून जास्त मातीचा थर त्याच्यावर नको. सोनकी, आभाळी असली बारीक बी कोरड्या बारीक वाळूत मिसळून वर नुसती भुरभुरवायची आणि फळीने दाबायची. यातल्या बऱ्याच बियांना उजेड लागतो, एक पेरभर मातीखाली त्या उगवत नाहीत. पाणी वरून देऊ नका. ट्रे पाण्याच्या परातीत ठेवा, खालून ओल चढून माती वर काळपट दिसली की काढून घ्या.

शंका राहू नये म्हणून प्रत्येक मिश्रणाचा एक ट्रे बी न घालता, रिकामाच भरून शेजारी ठेवा. त्याला पाणी तेवढंच, सावली तेवढीच. त्यात जे उगवेल ते तण. मातीत गाजरगवताचं आणि कसलं कसलं बी असतंच, आणि उगवल्यावर पहिल्या दोन पानांवर भल्याभल्यांना फरक कळत नाही. रिकाम्या ट्रेशी ताडून बघितलं की कळतो.

उगवलं आणि मान टाकली

इथे कोल्हापूरचा पाऊस मध्ये येतो. जून अखेरपासून आठवडे-आठवडे ऊन दिसत नाही, हवा ओली, पानं ओली, कोकोपीट चिकट. मर पसरायला याहून चांगली हवा नाही. त्यात सकाळ-संध्याकाळची झारी चालूच असते, कारण कामगाराला तसं सांगून ठेवलेलं असतं. पावसाळ्यात ट्रेला पाणी घड्याळ बघून द्यायचं नाही, ट्रे उचलून वजन बघून द्यायचं. हलका लागला तर द्या, आणि सकाळीच द्या, म्हणजे रात्रीपर्यंत वरचा थर सुकतो.

शेडनेटखाली आणखी एक गोष्ट घडते, ती सहसा कोणी बघत नाही. जाळीवर पाऊस साठतो, थेंब मोठे होतात आणि ठरावीक जागीच टपकत राहतात. ट्रेमध्ये ओळीने गोल खड्डे पडलेले दिसले, त्यांच्या कडेला रोपं मुळासकट उघडी पडली असली, की समजायचं हा जाळीचा थेंब आहे. बारीक बी तर पहिल्या दोन दिवसांतच कप्प्याबाहेर उडतं. उपाय सोपा: जून ते ऑगस्ट ट्रेवर पारदर्शक प्लॅस्टिकचा उतरता पत्रा किंवा कागद, चारही बाजू मोकळ्या. पाऊस अडला पाहिजे, वारा नाही. जाळी ७५ टक्क्यांची असेल तर ती काढून ५० टक्क्यांची लावा. सड्यावर झाड नसतं, ही फुलं उघड्यावरचीच आहेत. दाट सावलीत ती उंच होतात आणि स्वतःच्या वजनाने पडतात, मग ती मर समजून फवारणी सुरू होते.

रोपं दाट नकोत. एका कप्प्यात दहा-बारा सोनक्या उगवल्या की ओढून काढवत नाहीत, जीव होत नाही, पण कात्रीने तीन ठेवून बाकी कापाव्याच लागतात. ओढली तर शेजारणीचं मूळ दुखावतं आणि बुरशीला दार उघडतं.

औषधापेक्षा तयारी महत्त्वाची. एप्रिल-मेमध्ये माती ओली करून पातळ पारदर्शक प्लॅस्टिकखाली चार ते सहा आठवडे कडक उन्हात तापवा. आपल्याकडचं ऊन त्याला पुरतं. पेरणीच्या पंधरवडाभर आधी ट्रायकोडर्मा (मरीच्या बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी) चाळलेल्या जुन्या शेणखतात मुरवून घ्या, १ किलोला १०० किलो खत या मानाने, आणि त्यातलं मूठभरच मिश्रणात टाका. मर लागलीच तर तो कप्पा मातीसकट काढून लांब फेका आणि ट्रायकोडर्मा न घातलेल्या उरलेल्या ट्रेला कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला २.५ ग्रॅम घेऊन आळवणी करा, म्हणजे ते पाणी मुळाशी ओता. पण ट्रायकोडर्मा घातलेल्या ट्रेला तांब्याचं औषध दिलं तर ट्रायकोडर्माही मरतो. दोन्ही एकदम करणारे पैसे वाया घालवतात.

जगतं, पण वाढत नाही

दोन पानांवर येऊन महिनाभर तसंच उभं, पानं पिवळट, कडा जळालेल्या. यामागे दोनच गोष्टी असतात: माती आणि पाणी.

पंचगंगेच्या खोऱ्यातली काळी माती उसाला सोन्यासारखी, पण सड्यावरच्या फुलांना ती जड आणि अल्कलीकडे झुकलेली पडते. गगनबावडा, राधानगरी, आजरा, चंदगडच्या जांभ्यावर मातीचा थर विताएवढाही नसतो. ती आम्लधर्मी असते, भुकेली असते आणि पाणी धरून ठेवत नाही. तिथल्या रोपाला गांडूळखत भरलेला कप्पा दिला तर त्याची मुळं आधी जळतात. माझं मिश्रण असं: चाळलेली तांबडी माती २ भाग, जाड वाळू २ भाग, धुतलेलं कोकोपीट १ भाग. वाळूऐवजी चिरेखाणीत चिरे कापताना पडणारा जांभ्याचा चुरा मिळाला तर त्याहून उत्तम. क्रश सँड वापरायची वेळ आली तर ती चाळणीत धरून पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. तिच्यातली बेसाल्टची पूड कप्प्याच्या बुडाशी सिमेंटसारखी बसते. कोकोपीटची वीट भिजवून ते पाणी फेकून द्यायचं, असं निदान तीनदा. त्यात मीठ असतं.

पाण्याचं म्हणाल तर शिरोळ-हातकणंगले पट्ट्यात बोअरचं पाणी जिथे क्षाराचं आहे तिथे त्यावर ही रोपं होणार नाहीत, हे सरळ मान्य करून टाकावं. पाण्यातला क्षार मोजणारा ईसी मीटर फार महाग नसतो. पाण्याचा ईसी १ मिलिसीमेन्स/सेंमीच्या वर दाखवत असेल तर ते पाणी नको. जूनपासून आभाळ फुकट पाणी देतं. पत्र्याच्या पन्हाळीखाली पिंप लावा, ट्रेला तेवढं पुरतं.

आणखी एक 'मरण' असतं, जे मरण नसतंच. कळलावी, रानहळद, चवर, आभाळी यांपैकी काहींच्या पोटात कंद असतो. जूनमध्ये उगवलेलं कळलावीचं रोप हस्ताचा पाऊस संपला की पिवळं पडतं आणि दिवाळीपर्यंत वर काही उरत नाही. नर्सरीत तेव्हा दोन चुका होतात. एक तर रोप मेलं म्हणून कुंडी उपडी होते आणि वाटाण्याएवढा कंद मातीच्या ढिगात जातो. नाहीतर ते जगावं म्हणून पाणी चालू ठेवतात आणि झोपलेला कंद कुजतो. पान पिवळं पडायला लागलं की पाणी कमी करत बंद करा, कुंडीवर नाव लिहून ती पाऊस लागणार नाही अशा जागी ठेवा आणि रोहिणीपर्यंत हात लावू नका. बियांपासून केलेल्या कळलावीला फूल यायला तीन-चार वर्षं लागतात, तेव्हा गिऱ्हाइकाला आधीच सांगा. आणि हेही सांगा की तिचा कंद आणि बी अतिशय विषारी आहे, लहान मुलं आणि गुरं असतील तिथे ती खालच्या कुंडीत नको.

ट्रेचा नाद सोडावा अशी फुलं

दुधाळी आणि तुतारी अर्धपरजीवी आहेत. पान हिरवं असलं तरी शेजारच्या झाडाच्या मुळातून रस ओढून जगतात. एकट्या कप्प्यात ती उगवली तरी खुरटतात. करायचीच तर पसरट कुंडीत स्थानिक गवताबरोबर करा. सीतेची आसवं आणि दवबिंदू पाणथळ, उपाशी जमिनीतली कीटकभक्षी झाडं आहेत, त्यांना पावसाचं पाणी आणि सतत ओली जागा सोडून काही चालत नाही. जमिनीवरच्या आमऱ्यांचं (ऑर्किडचं) बी धुळीसारखं असतं, त्यात अन्नाचा साठा नसतो आणि योग्य बुरशी भेटल्याशिवाय ते वाढत नाही. ते काम प्रयोगशाळेचं. कंदीलपुष्पांच्या कित्येक जाती दुर्मीळ आहेत. त्यांच्या संवर्धनावर शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात बरंच काम झालंय. डोंगरावरून त्यांचं बी उचलू नका.

मुळात कुठलंच बी अभयारण्यातून आणायचं नाही. दाजीपूर-राधानगरीचं जंगल वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं, तिथून परवानगीशिवाय काहीही उचलणं गुन्हा आहे. स्वतःचा बांध, ओळखीच्या शेतकऱ्याची पड जमीन एवढं पुष्कळ आहे, आणि तिथेही पिकलेल्या बियांच्या पाचव्या हिश्श्यापलीकडे हात घालू नका. बाकीचं त्या जागेला पुढच्या पावसासाठी हवं असतं. पहिल्या वर्षी नर्सरीत पाच-पंचवीस झाडं नीट वाढली की दुसऱ्या वर्षापासून बी त्यांच्यापासूनच धरा.

आणि ज्या ट्रेमध्ये यंदा काहीच आलं नाही, तो सप्टेंबरात धुऊन टाकू नका. रानातल्या बीचा एक हिस्सा पहिला पावसाळा सोडून दुसऱ्यावर उगवतो. तण उपटा, ट्रे छपराखाली कोरडा राहू द्या, उन्हाळ्यात तापू द्या आणि मृगात पुन्हा परातीत ठेवा. खुळखुळा आणि कवळा तर दुसऱ्या वर्षी बऱ्याचदा पहिल्यापेक्षा जास्त उगवतात. फक्त ट्रेवरची नावाची पट्टी पेन्सिलने लिहा. मार्करची शाई एका उन्हाळ्यात उडून जाते.